उपग्रहाची शेजपाळी

पुणतांब्यातल्या कुठल्याही गल्लीत मान वर केली, की पत्र्यांवर आणि गच्च्यांवर बसवलेल्या डिश दिसतात. त्यांतल्या दूरदर्शनच्या फ्री डिशच्या तबकड्यांचं तोंड एकाच दिशेला असतं, आग्नेयेला. कारण जीसॅट-१५ हा उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि पुणतांबा साधारण ७४.६ अंशांवर. हिशेब मांडला तर गावातून तो दक्षिण आणि पूर्व यांच्या जवळजवळ मधोमध, क्षितिजापासून सुमारे ५८ अंश वर येतो. डिशवाला असला हिशेब करत बसत नाही. शेजारच्या डिशकडे बघून तो दिशा धरतो, सेट टॉप बॉक्सच्या मेन्यूत फ्रिक्वेन्सी भरतो, त्याखाली २७५०० किंवा २९५०० असा एक आकडा टाकतो आणि सिग्नलची पट्टी वर चढेपर्यंत डिश बोटभर इकडे, बोटभर तिकडे सरकवतो.

तो आकडा असतो सिम्बॉल रेट. २७५०० म्हणजे उपग्रहाकडून दर सेकंदाला २ कोटी ७५ लाख खुणा येणार. ऐकायला ही संख्या प्रचंड वाटते, पण तिला कमाल मर्यादा आहे आणि ती मर्यादा कुणा कंपनीच्या मर्जीवर ठरत नाही. लहरींचा जेवढा पट्टा वाट्याला आला, तेवढ्याच खुणा त्यातून जाणार. या पट्ट्याची रुंदी म्हणजे बँडविड्थ. उपग्रह दळणवळणाच्या साठ वर्षांत पट्टा फारसा रुंदावला नाही, त्यातून जाणाऱ्या माहितीचं प्रमाण मात्र अफाट वाढलं. हे कसं झालं, हाच या लेखाचा विषय.

पट्टा किती आणि का

उपग्रहावर ट्रान्सपाँडर नावाची यंत्रं असतात. जमिनीवरून आलेला क्षीण सिग्नल पकडायचा, त्याची फ्रिक्वेन्सी बदलायची, ताकद वाढवायची आणि तो परत खाली सोडायचा, एवढंच त्यांचं काम. सी बँड या जुन्या आणि भरवशाच्या पट्ट्यात वर जाणाऱ्या सिग्नलला ६ गिगाहर्ट्झच्या आसपासची जागा दिलेली आहे, खाली येणाऱ्याला ४ गिगाहर्ट्झच्या आसपासची. दोन्हीकडे रुंदी ५०० मेगाहर्ट्झ. त्यात ३६ मेगाहर्ट्झचा एकेक ट्रान्सपाँडर आणि दोघांमध्ये ४ मेगाहर्ट्झचा मोकळा बांध धरला, तर बारा ट्रान्सपाँडर बसतात. लहरी उभ्या आणि आडव्या अशा दोन तऱ्हांनी सोडल्या, तर तीच जागा दोनदा वापरता येते आणि बाराचे चोवीस होतात. त्यापुढे या मार्गानं वाढ नाही.

मग आणखी उपग्रह का सोडू नयेत? भूस्थिर कक्षा एकच आहे. तिथं उपग्रह एकमेकांना फार खेटून ठेवले, तर खालच्या डिशला शेजाऱ्याचाही सिग्नल ऐकू येतो. म्हणून कुठल्या रेखांशावर कोणाचा उपग्रह आणि कोणत्या फ्रिक्वेन्सीवर, हे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या नियमांनी ठरतं. शिवाय एकदा वर गेलेला उपग्रह पंधरा वर्षं तरी तसाच चालवावा लागतो.

साठा ठरलेला, मागणी वाढती आणि मागणीची वेळ प्रत्येकाची वेगळी, हे गणित पुणतांबा ज्या राहाता तालुक्यात आहे, तिथल्या माणसाला समजावून सांगायला नको. नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून निघणारे गोदावरीचे कालवे ब्रिटिश काळातले. कालव्याला आवर्तन सुटलं की पाणी वाटायच्या तीन रीती संभवतात. प्रत्येकाला स्वतंत्र बारीक चारी द्यायची आणि त्यात येईल तेवढं त्याचं म्हणायचं. किंवा सगळी चारी एकेकाला ठरलेले तास द्यायची. किंवा ज्यानं सात नंबरचा फॉर्म भरून पाणी मागितलं, त्यालाच पाळी लावायची, हीच शेजपाळी. उपग्रहाच्या बँडविड्थची वाटणी नेमक्या याच तीन रीतींनी झाली. पहिल्या रीतीतला दोषही इथं ओळखीचा आहे: ज्याला आज गरज नाही, त्याच्याही चारीतून पाणी वाहून जातं आणि टेलचा, म्हणजे कालव्याच्या शेवटाचा, माणूस कोरडा राहतो.

एका वेळी दोघंच

६ एप्रिल १९६५ रोजी ‘अर्ली बर्ड’ हा पहिला व्यापारी दळणवळण उपग्रह अमेरिकेतून सुटला. त्याची क्षमता २४० टेलिफोन संभाषणांची, किंवा त्याऐवजी दूरचित्रवाणीच्या एका वाहिनीची. दोन्ही एकदम नाही. आणि एका वेळी दोनच भूकेंद्रं त्यातून एकमेकांशी बोलू शकत. पुढच्या पिढीतल्या उपग्रहांनी ही अडचण दूर केली आणि अनेक देशांची केंद्रं एकाच ट्रान्सपाँडरवर आली.

त्या केंद्रांतलं आपलं पहिलं पुणे जिल्ह्यात आहे. पुणे–नाशिक रस्त्यावर नारायणगावजवळच्या आर्वीला सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीस परदेशी दळणवळणासाठी भूकेंद्र उभं राहिलं. त्याआधी १९६७ साली अहमदाबादला प्रायोगिक केंद्र निघालं होतं, तिथल्या अनुभवावर भारतीय अभियंत्यांनी आर्वीची उभारणी केली. विक्रम साराभाईंचा आग्रहच तसा होता. ३० डिसेंबर १९७१ रोजी ते गेले आणि आर्वीच्या केंद्राला त्यांचं नाव मिळालं. जवळजवळ तीस मीटर व्यासाची ती तबकडी इंटेलसॅट या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या हिंदी महासागरावरच्या उपग्रहाकडे रोखलेली असे. मुंबईहून लंडनला लागणारा फोन तिच्यातून जाई.

तेव्हाची वाटणी पहिल्या रीतीची होती. कोणत्या देशानं कोणत्या देशाशी बोलायला किती वाहिन्या घ्यायच्या, हे आधी करारानं ठरे. दोन मोठ्या देशांमध्ये ही रीत ठीक चाले, कारण त्यांच्या वाहिन्या दिवसभर भरलेल्या असत. पण दिवसाकाठी दहा-वीसच फोन होणाऱ्या दोन छोट्या देशांनाही वाहिन्या राखूनच ठेवाव्या लागत. रात्रभर त्या रिकाम्या, दिवसाही बहुतेक वेळ रिकाम्या. भाडं मात्र पूर्ण.

पुएन्ते यांची युक्ती

वॉशिंग्टनजवळच्या कॉमसॅट कंपनीच्या प्रयोगशाळेत जॉन पुएन्ते आणि त्यांचे सहकारी या रिकाम्या वाहिन्यांच्या मागे लागले. पुएन्ते आणि ए. एम. वर्थ यांनी जानेवारी १९७१मध्ये लेख लिहून जी योजना मांडली, ती ‘स्पेड’ या नावानं ओळखली जाते आणि सत्तरच्या दशकात ती इंटेलसॅटच्या उपग्रहांवर चालली. तिच्यामागचा विचार थोडक्यात असा: वाहिनी कोणाच्याच मालकीची नको. सगळ्या एका ठिकाणी जमा करा, फोन लागला की द्या, फोन संपला की परत घ्या.

याचा फायदा किती, हे एका जुन्या सूत्रानं काढता येतं. डेन्मार्कच्या ए. के. एरलांग यांनी कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीसाठी १९१७ साली ते मांडलं. समजा, देशांच्या चाळीस जोड्या आहेत आणि प्रत्येक जोडीत सरासरी एक फोन चालू असतो. शंभरातल्या एकाहून जास्त माणसांना ‘लाइन व्यस्त’ ऐकू येऊ नये, अशी अट घाला. प्रत्येक जोडीला वेगळ्या वाहिन्या द्यायच्या, तर जोडीमागे पाच लागतात, एकूण दोनशे. कारण एखाद्या वेळी तीन-चार फोन एकदम येतात आणि त्यांच्यासाठी जागा राखावी लागते. त्याच चाळीस जोड्यांना एकच सामाईक साठा दिला, तर फक्त ५३ वाहिन्या पुरतात. एकाकडे गर्दी असते तेव्हा दुसऱ्याकडे शांतता असते आणि बेरीज फारशी हलत नाही. उपग्रह तोच, ट्रान्सपाँडर तोच, पण काम जवळजवळ चौपट.

‘स्पेड’ची रचना बारकाईनं पाहण्यासारखी आहे. ३६ मेगाहर्ट्झचा ट्रान्सपाँडर ४५ किलोहर्ट्झच्या फोडींत कापला, म्हणजे सुमारे आठशे फोडी झाल्या. एका संभाषणाला जाण्यायेण्याच्या दोन, म्हणजे चारशेच्या आतबाहेर संभाषणं. पण वाटप करणार कोण? मध्यवर्ती पाटकरी ठेवला, तर तो बंद पडला की सगळंच ठप्प. पुएन्ते यांच्या गटानं पाटकरीच काढून टाकला. एक छोटी फोड सर्वांच्या निरोपांसाठी राखली आणि तिच्यात दर ५० मिलिसेकंदांनी प्रत्येक केंद्राला एक मिलिसेकंदाची पाळी दिली. कोणत्या फोडी रिकाम्या, याची यादी प्रत्येक केंद्र स्वतःजवळ ठेवी. फोन आला की यादीतली एखादी रिकामी फोड उचलायची आणि आपल्या पाळीत जाहीर करायचं की ही मी घेतली.

अडचण अशी, की निरोप उपग्रहापर्यंत जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो. तेवढ्यात दुसऱ्या कोणी तीच फोड उचलली तर? ज्याचा निरोप आधी पोहोचला त्याची ती फोड, दुसऱ्यानं वेगळी शोधायची. आणि अशी टक्कर कमी व्हावी म्हणून रिकाम्या फोडींतली कोणतीही एक, ओळीनं न घेता, यदृच्छेनं निवडायची. याच्या जोडीला आणखी एक काटकसर होती. बोलणारा श्वास घ्यायला थांबला, की त्याच्या फोडीतली लहर तेवढ्यापुरती बंद. दोन माणसांच्या संभाषणात एका वेळी सहसा एकच बोलतो, म्हणजे उपग्रहाची निम्म्याहून जास्त वीज वाचली.

मागेल त्याला, मागेल तेव्हा आणि लागेल तेवढंच, हे तत्त्व तेव्हापासून सगळीकडे पसरलं. १ जून २०१७ रोजी पुणतांब्यातून शेतकरी संपाची सुरुवात झाली आणि गावाचं नाव देशभर गाजलं. अशा प्रसंगी वाहिनीची ओबी व्हॅन एखाद्या गावातून थेट चित्र दाखवते, तेव्हा तिच्या टपावरची डिश हेच तत्त्व वापरते. वाहिनीनं ट्रान्सपाँडरमधली काही मेगाहर्ट्झची जागा काही मिनिटांसाठी नोंदवलेली असते. वेळ संपली की तीच जागा दुसऱ्या राज्यातल्या दुसऱ्या गाडीला जाते. प्रत्येक गावासाठी जागा राखून ठेवायची म्हटलं असतं, तर कुठल्याच गावातून थेट प्रक्षेपण परवडलं नसतं.

तासांची पाळी

‘स्पेड’ ही झाली तिसरी रीत. दुसरी रीत वेळेच्या वाटणीची. सगळा पट्टा एकाच केंद्राला, पण क्षणभरासाठी. मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. कॉमसॅटमध्ये याचेही प्रयोग साठच्या दशकात चालू होते. या रीतीचा मोठा फायदा उपग्रहावरच्या विजेशी निगडित आहे. ट्रान्सपाँडरमध्ये एकाच वेळी अनेक लहरी घातल्या, की त्या एकमेकींत मिसळून नको त्या फ्रिक्वेन्सी तयार होतात. ते टाळायला यंत्र पूर्ण ताकदीनं चालवता येत नाही. एका क्षणी एकच लहर असेल, तर ही कटकट राहत नाही.

अवघड भाग वेळ साधण्याचा. मुंबईपासून उपग्रहाचं अंतर वेगळं, गुवाहाटीपासूनचं वेगळं. एका मिलिसेकंदात लहर ३०० किलोमीटर जाते, म्हणजे थोड्याशा फरकानंही दोन केंद्रांचे सिग्नल वर जाऊन एकमेकांवर आदळतील. म्हणून प्रत्येक केंद्राला आपलं अंतर मोजून कोणी लवकर, कोणी उशिरा सिग्नल सोडावा लागतो, असा की वर पोहोचताना ते ओळीनं पोहोचतील. त्यातही भूस्थिर म्हणवणारा उपग्रह आपल्या जागी थोडा डुलत असतोच, त्यामुळे हे मोजमाप अखंड चालू ठेवावं लागतं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीस पुएन्ते कॉमसॅटमधून बाहेर पडले आणि काही सहकाऱ्यांसह त्यांनी डिजिटल कम्युनिकेशन्स कॉर्पोरेशन काढली. कॉमसॅटमधूनच आलेले भारतीय वंशाचे अभियंता प्रदमन कौल त्या कंपनीत होते. मालक बदलत बदलत ती १९८७मध्ये ह्यूज कंपनीकडे गेली आणि ह्यूज नेटवर्क सिस्टिम्स झाली. कौल पुढे अनेक वर्षं तिचे प्रमुख होते. व्हीसॅट म्हणजे दुकानाच्या किंवा बँकेच्या गच्चीवर मावेल अशी, दोन्ही बाजूंनी बोलणारी छोटी डिश घडवण्यात आणि रुळवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. अमेरिकेतल्या वॉलमार्टनं १९८७मध्ये आपली दुकानं अशा डिशांनी जोडली.

व्हीसॅटमध्ये मागणीचा अर्ज कसा करायचा, हा प्रश्न नव्यानं उभा राहिला. हजार-दोन हजार डिशना अर्जासाठी पाळी लावली, तर बहुतेक पाळ्या रिकाम्या जाणार. इथं हवाई विद्यापीठाचे नॉर्मन एब्रॅमसन कामाला आले. बेटांवरचे संगणक रेडिओनं जोडण्यासाठी त्यांनी १९७१मध्ये ‘अलोहा’ पद्धत चालू केली. तिचा नियम विलक्षण सोपा: पाहिजे तेव्हा बोला, टक्कर झाली तर थोडं थांबून पुन्हा बोला. गणितानं असं दिसतं, की या मोकळिकीत पट्ट्याचा जास्तीत जास्त १८ टक्केच उपयोग होतो. वेळेचे ठरावीक कप्पे पाडून कप्प्याच्या सुरुवातीलाच बोलायचं बंधन घातलं, तर ३७ टक्के. मोठ्या मजकुरासाठी हे परवडणारं नाही, पण ‘मला जागा हवी’ एवढाच चिमुकला अर्ज करायला पुष्कळ झालं. अर्ज अलोहानं करायचा आणि प्रत्यक्ष मजकूर ठरलेल्या पाळीत पाठवायचा, अशी सांगड व्हीसॅटमध्ये घातली गेली.

दलालाच्या गच्चीवर

भारतात या तंत्राची खरी परीक्षा मुंबईनं घेतली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे एन. शेषगिरी यांच्या पुढाकारानं ‘निकनेट’ उभं राहिलं होतं आणि जिल्हा मुख्यालयांतली सरकारी कार्यालयं छोट्या डिशांनी दिल्लीशी जोडली जात होती. पण तिथं आकडेवारी चार मिनिटं उशिरा पोहोचली तरी आभाळ कोसळत नव्हतं. शेअर बाजारात सेकंदाला किंमत असते.

३ नोव्हेंबर १९९४ रोजी नॅशनल स्टॉक एक्स्चेंजमध्ये शेअरचे व्यवहार सुरू झाले. तोपर्यंत मुंबई शेअर बाजारात दलाल रिंगणात उभे राहून आरडाओरडा करत भाव ठरवत. आर. एच. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या नव्या बाजारानं रिंगण ठेवलंच नाही. देशभरातल्या दलालांना पडद्यावर आणायचं ठरवलं. पण त्या काळात गावोगावच्या टेलिफोन लाइनींवर भिस्त ठेवणं म्हणजे जुगार होता. म्हणून दलालाच्या गच्चीवर व्हीसॅट बसला. इन्सॅटवरची मर्यादित जागा आणि शेकडो, पुढे हजारो डिश.

हे जमलं, कारण बाजाराच्या मजकुराचा स्वभावच असमान आहे. वरून खाली येणारे भाव सगळ्यांना सारखेच लागतात. ते उपग्रहावरून एकदा सोडले, की कोल्हापूरच्या दलालालाही मिळतात आणि कोलकात्याच्याही. ऐकणारे शंभर असोत की दोन हजार, बँडविड्थ तेवढीच. खालून वर जाणारी ऑर्डर मात्र ज्याची त्याची असते, पण ती लहान: कोणता शेअर, किती, काय भावानं. म्हणजे खाली येणारा एक रुंद प्रवाह आणि वर जाणारे असंख्य बारीक झरे, अशी पट्ट्याची विभागणी करता आली. डिशपासून मुंबईला जाऊन उत्तर परत यायला अर्धा सेकंद लागे. पण गुवाहाटीच्या दलालाला लागणारा वेळ आणि मुंबईतल्या दलालाला लागणारा वेळ जवळपास सारखाच होता, ही गोष्ट छोट्या शहरांतल्या दलालांच्या फार पथ्यावर पडली. दोघांचाही सिग्नल छत्तीस हजार किलोमीटर वर जाऊनच येत होता.

पाठवायचंच कमी

आतापर्यंतच्या युक्त्या वाटणीच्या झाल्या. चित्राच्या बाबतीत मात्र वाटणी पुरत नव्हती. जुन्या पद्धतीची दूरचित्रवाणीची एकच वाहिनी ट्रान्सपाँडर जवळजवळ भरून टाकी. १९७५-७६च्या ‘साइट’ प्रयोगात सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांना उपग्रहावरून कार्यक्रम दाखवले गेले, तेव्हा चित्र एक आणि त्याला दोन भाषांचे आवाज, अशी काटकसर करावी लागली. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता.

इथं अरुण नेत्रवळी यांचं काम येतं. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या अंकोल्यात जन्मलेले नेत्रवळी १९६७ साली आयआयटी मुंबईतून पदवीधर झाले, अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि १९७२मध्ये ते बेल लॅब्स या संशोधनसंस्थेत गेले. दूरचित्रवाणीवर सेकंदाला २५ चित्रं येतात, पण लागोपाठच्या दोन चित्रांत फरक अगदी थोडा असतो. फक्त फरक पाठवायचा, ही कल्पना जुनीच होती. पण माणूस पडद्यावर चालू लागला, की त्याच्या प्रत्येक ठिपक्याची जागा बदलते आणि फरकच मोठा होतो. नेत्रवळी आणि जे. डी. रॉबिन्स यांनी १९७९च्या शोधनिबंधात दाखवलं, की ठिपका कुठून कुठे सरकला याचा अंदाज आधीच्या चित्रांवरून घेता येतो. मग नवं चित्र पाठवण्याऐवजी ‘तेच चित्र, एवढं सरकवून घ्या’ असं सांगता येतं आणि उरलेली बारीक चूक तेवढी पाठवावी लागते.

त्यांची ठिपक्यागणिक अंदाज घेण्याची पद्धत पुढच्या मानकांत जशीच्या तशी आली नाही. तिथं सोळा गुणिले सोळा ठिपक्यांचे चौकोन हलवण्याची पद्धत रुळली. पण हालचालीची भरपाई हा गाभा कायम राहिला. नेत्रवळी १९९९मध्ये बेल लॅब्सचे अध्यक्ष झाले आणि २००१मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं.

आकड्यांत हे असं दिसतं. ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं साधं डिजिटल चित्र न आवळता पाठवायचं, तर सेकंदाला सुमारे १६६ मेगाबिट लागतात. १९९४च्या एमपेग-२ मानकानं तेच काम चार-पाच मेगाबिटांत होऊ लागलं. २७५००चा सिम्बॉल रेट असलेल्या ट्रान्सपाँडरमधून, चुका दुरुस्त करणारे जादा बिट वजा जाता, सुमारे ३८ मेगाबिट हाती लागतात. म्हणजे जिथं एक वाहिनी बसत होती, तिथं आठ-नऊ बसल्या. डिसेंबर २००४मध्ये दूरदर्शननं आपली मोफत डीटीएच सेवा सुरू केली आणि गच्चीवरची छोटी डिश खेड्यापाड्यांत पोहोचली, ती या आवळलेल्या चित्रांच्या जोरावर.

यातही पुएन्ते यांचं तत्त्व पुन्हा दाराशी उभं राहतं. निवेदक बसून बातम्या वाचतो तेव्हा चित्र फारसं हलत नाही, त्याला कमी बिट पुरतात. क्रिकेटच्या सामन्यात चेंडू सीमेपार जाताना कॅमेरा गर्रकन फिरतो आणि अख्खं मैदान सरकतं, तेव्हा एकदम जास्त लागतात. प्रत्येक वाहिनीला ठरावीक वाटा दिला, तर बातम्यांचे बिट वाया आणि क्रिकेटचं चित्र चौकोनी-चौकोनी. म्हणून एका ट्रान्सपाँडरवरच्या सगळ्या वाहिन्यांचा साठा सामाईक ठेवतात आणि क्षणोक्षणी गरजेप्रमाणे वाटतात.

पाऊस, वजाबाकी आणि झोत

यानंतरच्या सुधारणा उरलासुरला अपव्यय शोधण्याच्या आहेत. डिशला लागणाऱ्या कु बँडच्या लहरी मुसळधार पावसात शोषल्या जातात. पूर्वी सिग्नलचं बळ सगळ्यांसाठी एकच ठरवत आणि तेही सर्वांत वाईट पावसाचा विचार करून. म्हणजे कोकणातल्या आषाढासाठी ठरवलेली सावधगिरी पर्जन्यछायेतल्या पुणतांब्यालाही बारा महिने सोसावी लागे. २००५ साली आलेल्या डीव्हीबी-एस२ मानकानं दोन्ही बाजूंनी बोलणाऱ्या सेवांना मोकळीक दिली, की प्रत्येक डिशनं आपल्यावरचं आकाश कसं आहे ते कळवावं आणि केंद्रानं त्याप्रमाणे तिच्यापुरती एकेका खुणेत भरायची माहिती कमीजास्त करावी. निरभ्र आकाश असेल तिथं त्याच पट्ट्यातून जास्त माहिती जाते.

दुसरी सुधारणा ऐकताना हातचलाखी वाटते. दोन केंद्रांनी एकमेकांशी बोलायला दोन वेगळ्या फ्रिक्वेन्सी हव्यात, हे सगळे गृहीत धरून होते. व्हायासॅट कंपनीचे मार्क डँकबर्ग, मार्क मिलर आणि त्यांच्या एका सहकाऱ्यानं प्रश्न केला: दोघं एकाच फ्रिक्वेन्सीवर एकाच वेळी बोलले तर बिघडलं कुठे? उपग्रहावरून दोघांची सरमिसळ खाली येईल, हे खरं. पण आपण काय पाठवलं, हे प्रत्येकाला ठाऊक असतं. पाव सेकंदापूर्वीचा आपला सिग्नल आठवायचा, वाटेत तो किती क्षीण झाला आणि किती सरकला याचा अंदाज करायचा आणि आलेल्या सरमिसळीतून वजा करायचा. उरतो तो समोरच्याचा आवाज. याचं पेटंट त्यांना १९९७मध्ये मिळालं. आदर्श स्थितीत निम्मी बँडविड्थ वाचते, आणि उपग्रहावर काहीही बदलावं लागत नाही. सगळी करामत जमिनीवरच्या मोडेमची.

तिसरी सुधारणा उपग्रहाच्या बांधणीतली. एका झोतानं अख्खा देश व्यापण्याऐवजी छोट्या प्रदेशांवर वेगवेगळे झोत टाकले, तर एका झोताची फ्रिक्वेन्सी चार घरं सोडून दुसऱ्या झोतात पुन्हा वापरता येते. डिसेंबर २०१८मध्ये सुटलेल्या ५,८५४ किलो वजनाच्या जीसॅट-११वर वापरकर्त्यांसाठी असे ३२ झोत आहेत आणि क्षमता सेकंदाला सुमारे १६ गिगाबिटांची. नोव्हेंबर २०२४मधल्या जीसॅट-एन२ची ४८ गिगाबिटांची. त्याच्या ३२ झोतांपैकी आठ अरुंद झोत ईशान्य भारतासाठी राखले आहेत, उरलेले चोवीस बाकीच्या देशासाठी.

हेड आणि टेल

आता चर्चा आहे ती साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास फिरणाऱ्या हजारो छोट्या उपग्रहांची. पाव सेकंदाचा विलंब तिथं जवळजवळ नाहीसा होतो. वाटणीचा प्रश्न मात्र तसाच राहतो. एका झोताखाली जेवढी जमीन येते, तेवढ्या जमिनीवरच्या सगळ्यांनी त्या झोताची क्षमता वाटून घ्यायची. तुरळक वस्तीत ती भरपूर वाटते, शहरात दहा इमारतींनी मिळून ती फस्त होते.

म्हणून हा प्रश्न अभियंत्यांच्या हातून कायदा करणाऱ्यांच्या हाती आला आहे. मोबाइलच्या लहरींचा लिलाव होतो. उपग्रहाच्या काही सेवांसाठी मात्र २०२३च्या दूरसंचार कायद्यानं लिलावाऐवजी प्रशासकीय वाटपाची तरतूद केली. त्यामागे तांत्रिक कारण आहे: एकच फ्रिक्वेन्सी अनेक कंपन्या आपापसांत जुळवून घेऊन वापरू शकतात, मग ती एकाला विकायची कशी? मे २०२५मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणानं कंपन्यांच्या उत्पन्नावर चार टक्के आकार घ्यावा, अशी शिफारस केली आणि कमी उंचीवरच्या उपग्रहसेवेसाठी शहरी ग्राहकामागे वर्षाला पाचशे रुपये जादा सुचवले. ग्रामीण ग्राहकावर तो बोजा नाही. हेडच्या माणसानं सगळं पाणी ओढून घेऊ नये म्हणून केलेलीच ही योजना आहे.

पुएन्ते ते डँकबर्ग यांच्या कामाचं सार एका वाक्यात सांगता येतं: बँडविड्थ कुणी नव्यानं निर्माण केली नाही, दुसऱ्याच्या नावानं पडून असलेली कामाला लावली. ते साधलं, कारण प्रत्येकानं आधी मोजलं की पट्टा रिकामा कधी असतो आणि कोणासाठी. उद्या गावागावांत उपग्रहाचं इंटरनेट आलं, तर ग्राहक किती झाले एवढंच विचारून भागणार नाही. संध्याकाळी आठ वाजता, सगळे एकदम वापरत असताना, टेलच्या माणसाच्या हाती सेकंदाला किती बिट पडतात, हे मोजून जाहीर करण्याचं बंधन परवान्यातच घालावं लागेल. मोजमापाशिवाय समान वाटप होत नाही, हे कालव्याच्या लाभक्षेत्रातला शेतकरी सरकारला फार वर्षांपासून सांगतो आहे.